लामियाची मुलं कुणी मारली?

हॉरर सिनेमातली ती बाई तुम्ही कुठे ना कुठे पाहिलीच असेल. देखणी, एकटी, संध्याकाळी रस्त्यात भेटणारी. आधी गोड बोलते, घरी बोलावते, खाऊपिऊ घालते आणि मग रक्त पिते. ड्रॅक्युला हा तिच्या मानाने कालचा पोरगा, १८९७ चा. ही बाई त्याच्या सोळाशे वर्षं आधीच ग्रीक पुस्तकात लिहिली गेली आहे. तिची नावं दोन, लामिया आणि एम्पूसा. ज्यांची मुलं पर्सी जॅक्सनच्या कादंबऱ्या वाचतात, त्यांनी घरात एम्पूसा हा शब्द ऐकलाही असेल.

मी तिच्यावर लिहितोय ते भुताखेतांच्या हौसेपोटी नाही. या बाईच्या गोष्टीत काळाबरोबर काय काय बदलत गेलं ते पाहिलं, तर बाईवर आळ घ्यायची पद्धत कशी तयार होते हे स्वच्छ दिसतं. आणि ती पद्धत आपल्या ओळखीची आहे. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात लामियापासून करू. ग्रीक लोक उत्तर आफ्रिकेला लिबिया म्हणत. लामिया तिथली राणी, दिसायला सुंदर. देवांचा राजा झ्यूस तिच्यावर भाळला, तिला मुलं झाली. झ्यूसची बायको हेरा चिडली. नवऱ्याला ती काय करणार? तिने लामियाची मुलं मारली. त्या दुःखाने लामिया वेडीपिशी झाली, तिचं रूप विद्रूप झालं, आणि ती दुसऱ्यांची मुलं पळवून मारायला लागली. हेराने तिची झोपही हिरावून घेतली, म्हणजे मेलेली मुलं चोवीस तास डोळ्यांपुढे राहावीत. मग झ्यूसला म्हणे दया आली. त्याने तिला स्वतःचे डोळे काढून ठेवायची सोय करून दिली. प्लुटार्क लिहितो, की लामिया घरी डोळे भांड्यात काढून ठेवून झोपते आणि बाहेर पडताना परत बसवते.

आता या गोष्टीत गुन्हेगार किती ते मोजा. मन मानेल तसं वागणारा राजा, सूड दुबळ्यावर काढणारी राणी, आणि जिची मुलं गेली ती आई. पुढच्या हजार वर्षांत पहिल्या दोघांची देवळं शाबूत राहिली. राक्षसीण म्हणून नाव झालं ते फक्त तिसरीचं.

डायोडोरस नावाच्या सिसिलीच्या इतिहासकाराने या गोष्टीची माणसातली आवृत्ती दिली आहे. इ.स.पू. ३०८ मध्ये ओफेलास नावाचा सेनापती लिबियातून कार्थेजच्या दिशेने फौज घेऊन चालला होता. वाटेत वेलींनी वेढलेली एक मोठी गुहा लागली. लामिया इथेच जन्मली असं लोक सांगत. डायोडोरसच्या म्हणण्याप्रमाणे ती खरीखुरी राणी होती. स्वतःची मुलं एकामागून एक गेल्यावर तिला लेकुरवाळ्या बायकांचा हेवा वाटू लागला आणि तिने राज्यातली तान्ही मुलं हिसकावून मारायचा हुकूम सोडला. डोळ्यांचा उलगडाही त्याच्याकडे आहे. ती दारू प्यायली की कुणी काही करो, बघत नसे. म्हणून लोक म्हणू लागले, की तिने डोळे काढून ठेवलेत. चमत्कार काढून टाकायच्या नादात त्याने एक गोष्ट केली. झ्यूस आणि हेरा दोघांनाही गोष्टीतून सोडून दिलं. उरली ती दारुडी, मत्सरी बाई.

ग्रीक घरांत लामिया म्हणजे आपल्याकडचा बागुलबुवा. पोरगं ऐकत नाही, लामिया येईल. तिच्या जोडीला मोर्मो होती. एका जुन्या टीपेनुसार तीही मुलं गमावलेली राणीच. तिसरी गेलो. लेस्बॉस बेटावरची, तरुणपणीच मेलेली मुलगी, जी पुढे लहान मुलांच्या मृत्यूचं कारण मानली गेली. इथे तुम्हाला हडळ आठवली असेल. आपली हडळ म्हणजे कोण? बाळंतपणात किंवा पोटुशी असताना मेलेली बाई. जी बाई सगळ्यात वाईट मरण मेली, तिचीच गावाला भीती.

ही भीती कुठून आली हेही बघायला हवं. नुसतं ‘अंधश्रद्धा’ म्हणून मोकळं होता येत नाही. प्राचीन जगात जन्मलेल्या मुलांपैकी साधारण निम्मी दहा वर्षांची व्हायच्या आत दगावत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. काल दूध पिणारं बाळ आज सकाळी निळं पडलेलं. कारण कुणालाच माहीत नाही. अशा वेळी माणसाचं मन ‘काय झालं’ असं विचारत नाही, ‘कुणी केलं’ असं विचारतं.

रोमन कवी ओव्हिडने रक्त पिणाऱ्या स्ट्रिक्स नावाच्या रात्रपाखरांची गोष्ट सांगितली आहे. ती पाळण्यातल्या बाळाचं रक्त शोषतात. म्हाताऱ्या बायकाच मंत्राने अशी पाखरं होतात, अशीही शंका तो जोडून देतो. या पाखरांनी प्रोका नावाच्या राजपुत्राला धरलं तेव्हा तो पाच दिवसांचा होता. मग देवी येते, दाराला पानं लावते, डुकराच्या पिलाचं काळीज पाखरांना देऊन बाळाचं सोडवते, आणि खिडकीत काटेरी फांदी ठेवते.

पाच दिवसांचा! आपण पाचवी पुजतो, सहाव्या रात्री सटवाई येते, बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवतो, दारात कडुनिंबाचा डहाळा लावतो. दोन्हीकडे तोच आठवडा का? माझा तर्क असा. नाळ अस्वच्छ हत्याराने कापली की तान्ह्या बाळाला धनुर्वात होतो. पहिले दोन दिवस बाळ नीट रडतं, नीट पितं. तिसऱ्या दिवसानंतर कधीतरी जबडा आवळतो, अंग ताठ होतं, दूध ओढता येत नाही. बघणाऱ्याला खरंच वाटेल, की बाळाला कुणीतरी धरलंय. प्रत्येक दंतकथेमागे हाच आजार होता असं मी म्हणत नाही. पण पहिला आठवडा धोक्याचा, हे अनुभवाचं ज्ञान होतं. चुकलं ते कारण. भारतातून हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचं शिक्कामोर्तब २०१५ मध्ये झालं. ते झालं गरोदर बायकांना दिलेल्या धनुर्वाताच्या लसीने आणि नाळ कापायच्या स्वच्छ ब्लेडने. बाळ कोण खातं, या प्रश्नाचं उत्तर शेवटी आपल्या नर्सबाई आणि आशाताईंनी दिलं.

आता मुलं खाणारी ही बाई तरुणांना भुलवणारी कधी झाली? एम्पूसाकडे वळू. इ.स.पू. ४०५ मध्ये अथेन्सच्या रंगभूमीवर ॲरिस्टोफेनीसचं ‘बेडूक’ हे नाटक आलं. त्यात डायोनायसस देव नोकराला घेऊन पाताळात चाललाय. नोकर ओरडतो, राक्षसीण दिसली! कधी बैल, कधी खेचर, आता सुंदर बाई. बाई म्हटल्याबरोबर देव पुढे सरसावतो, कुठंय, मी बघतो. तेवढ्यात नोकर सांगतो, आता कुत्री झाली. तोंड आगीसारखं पेटलेलं, एक पाय काशाचा, दुसरा शेणाचा. मग देवाची अशी घाबरगुंडी उडते, की तो प्रेक्षकांत पुढे बसलेल्या स्वतःच्याच पुजाऱ्याला ‘वाचव’ म्हणतो. अथेन्सचे लोक यावर पोट धरून हसले असणार. तेव्हा एम्पूसा एवढीच होती, अंधाऱ्या रस्त्यावरची सोंगाडी.

त्यानंतर सहाशे वर्षांनी, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, फिलोस्ट्रॅटस नावाच्या लेखकाने अपोलोनियस या साधूचं चरित्र लिहिलं. त्यात मेनिपस नावाच्या पंचवीस वर्षांच्या देखण्या, गरीब विद्यार्थ्याची गोष्ट आहे. कॉरिन्थ शहराबाहेरच्या रस्त्यावर त्याला एक बाई भेटते. म्हणते, मी फिनिशियाची, गावाबाहेर राहते, माझं तुझ्यावर कधीपासून प्रेम आहे, घरी ये, गाणं ऐक, चांगली दारू पी. तो जातो. लग्न ठरतं. लग्नाच्या जेवणाला अपोलोनियस न बोलावता हजर. विचारतो, हे सोनं-चांदी कुणाचं? मेनिपस म्हणतो, बाईंचं. माझं म्हणाल तर एवढं अंगावरचं पांघरूण. अपोलोनियस सांगतो, ही एम्पूसा आहे, हिलाच लोक लामिया म्हणतात. बघता बघता सोन्याचे पेले, आचारी, नोकर सगळं हवेत विरतं. बाई रडायला लागते आणि विनवते, की माझा छळ करू नका, मला कबूल करायला लावू नका. पण तो सोडत नाही. शेवटी ती कबूल करते. मेनिपसला खाऊ घालून ती पुष्ट करत होती, त्याचं शरीर खाण्यासाठी. तिला तरुण, सुंदर शरीरं लागत, कारण त्यांचं रक्त शुद्ध असतं.

रक्तासाठी तरुणाला भुलवणारी बाई ती हीच. आजच्या सगळ्या सिनेमांची पणजी. पण जरा थांबून बघा, तिच्यात राक्षसी असं दिसतंय काय? परक्या देशातली, पैसेवाली, एकटी राहणारी, आणि नवरा स्वतः निवडणारी. मुलं गमावल्याचा इथे उल्लेखसुद्धा नाही. दुःख गळून पडलं, भूक तेवढी राहिली. आणि ‘मला कबूल करायला लावू नका’ ही विनवणी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जाता जाता, हाच अपोलोनियस भारतात तक्षशिलेला येऊन गेला असंही फिलोस्ट्रॅटस लिहितो. इतिहासकारांना त्याबद्दल शंका आहे. पण मजा अशी, की सिंधू नदीच्या अलीकडे, चांदण्या रात्री, त्या मंडळींना एक एम्पूसा आडवी येते. अपोलोनियस काय करतो? तिला शिव्या घालतो आणि सोबत्यांनाही घालायला लावतो. ती किंचाळत पळून जाते. आपल्याकडेही गावातली जुनी माणसं भुतावर हाच उपाय सांगायची.

इथून पुढचा भाग मात्र गमतीचा नाही.

कथेतली लामिया भूत होती, राक्षसीण होती. पण रोमन काळातच हा शब्द जिवंत बायकांना लागायला लागला. अप्युलियसच्या दुसऱ्या शतकातल्या कादंबरीत दोन जादूगारणी रात्री खोलीत शिरतात, झोपलेल्या माणसाच्या गळ्यात तलवार खुपसतात, रक्त थेंबही न सांडता चामडी पिशवीत धरतात आणि जखमेत बोळा कोंबतात. त्यांना तो लामिया म्हणतो. मग इ.स. ४०० च्या आसपास संत जेरोमने बायबल लॅटिनमध्ये आणलं. यशयाच्या ग्रंथात हिब्रूत लिलिथ हा शब्द होता, तिथे त्याने ‘लामिया’ घातला. झालं, ग्रीक घरातला बागुलबुवा पवित्र ग्रंथात जाऊन बसला. आता ती आहे की नाही, हा प्रश्नच संपला.

१४८९ मध्ये उलरिश मोलिटर या कायदेपंडिताचं चेटकिणींवरचं पुस्तक छापून आलं. त्याच्या लॅटिन नावातच चेटकिणींसाठी लामिया हा शब्द आहे. पुस्तकात लाकडी ठशांची चित्रं होती, चेटकिणींची छापील चित्रं म्हणून ती अगदी सुरुवातीची. मोलिटर तसा शंकेखोर होता. चेटकिणी उडतात वगैरे भास आहे, असं त्याचं मत. तरीही त्यांना मृत्युदंड द्यावा, असंच तो शेवटी म्हणतो, कारण त्या देव सोडून सैतानाकडे गेल्या.

पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत युरोपात चेटूक केल्याच्या आरोपाखाली साधारण चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली. त्यांतल्या तीन चतुर्थांशाहून जास्त बायका. बऱ्याच ठिकाणी पुरावा म्हणजे छळ करून घेतलेला कबुलीजबाब. मुलं मारली का? हो. रक्त प्यालीस का? हो. फिलोस्ट्रॅटसच्या गोष्टीतली ती विनवणी आता खऱ्या बायका करत होत्या, आणि ऐकणारे अडाणी नव्हते. विद्यापीठात शिकलेले न्यायाधीश आणि धर्मपंडित होते. एका शब्दाने हे सगळं घडवलं असं नाही. दुष्काळ होते, धर्मयुद्धं होती, गावातली जुनी वैरं होती. पण ‘अशा बायका पूर्वीपासून असतातच, ग्रीकांनी लिहून ठेवलंय’, एवढा आधार त्या शब्दाने दिला.

विरोध करणारेही होते. योहान वायर नावाच्या डॉक्टरने १५६३ मध्ये लिहिलं, की ज्यांना तुम्ही चेटकिणी म्हणून जाळताय त्या म्हाताऱ्या, आजारी, मनाने खचलेल्या बायका आहेत. त्यांना औषधाची गरज आहे. १५७७ मध्ये त्याने आणखी एक पुस्तक काढलं. नाव मुद्दाम तेच ठेवलं, ‘लामियांविषयी’. आणि १८२० मध्ये इंग्रज कवी कीट्सने मेनिपसचीच गोष्ट घेऊन ‘लामिया’ ही कविता छापली. तिच्यात वाचकाचं मन पहिल्यांदाच त्या बाईकडे वळतं आणि तिला उघडं पाडणारा म्हातारा तत्त्वज्ञ क्रूर वाटायला लागतो.

पण कीट्सच्याही तेराशे वर्षं आधी, आपल्या अजिंठ्यात, असल्याच एका राक्षसिणीची गोष्ट वेगळ्या पद्धतीने कोरून ठेवली आहे. दोन नंबरच्या लेण्यात आत गेलात की गाभाऱ्याच्या उजव्या बाजूला एक लहान देवघर आहे. तिथे यक्ष पांचिक आणि त्याची बायको हारिती बसलेली आहे. बहुतेक लोक बुद्धमूर्तीचा फोटो काढून निघून जातात. तिथे थांबा.

हारितीची गोष्ट लामियाची सख्खी बहीण शोभेल अशी. राजगृहातली मुलं ती रोज पळवून खायची. का? बौद्ध विनयग्रंथात तिच्या मागच्या जन्माची हकिकत आहे. ती पोटुशी होती, उत्सवात लोकांनी तिला नाचायला लावलं, तिचं मूल पडलं, आणि सगळे तिला तिथेच टाकून निघून गेले. तेव्हा तिने ठरवलं, की याच गावाची मुलं खाईन. म्हणजे इथेही सुरुवात आईवरच्या अन्यायातूनच. पण शेवट बघा. तिला स्वतःची पाचशे मुलं होती. बुद्धाने सगळ्यात धाकटं आपल्या भिक्षापात्राखाली लपवलं. ती रडत, शोधत बुद्धाकडे आली. बुद्ध म्हणाला, पाचशेतलं एक गेलं तर तुझं हे झालंय, ज्यांचं एकुलतं एक गेलं त्यांचं काय? तिला ते लागलं. मग तिने व्यवहाराचा प्रश्न विचारला, की मी आता खाऊ काय? उत्तर मिळालं, की विहारातल्या अन्नात तुझा रोजचा वाटा राहील. इत्सिंग हा चिनी भिक्षू सातव्या शतकात भारतात आला होता. विहारांत तिची मूर्ती असते आणि तिला रोज अन्न वाढतात, असं त्याने नोंदवून ठेवलंय.

अजिंठ्याच्या त्या शिल्पात वरच्या कोपऱ्यात हारिती बुद्धावर चाल करून जाताना दिसते, दुसऱ्या कोपऱ्यात शांत होऊन ऐकताना. आणि खाली? खाली मुलांची शाळा भरली आहे, गुरुजी शिकवतायत. मुलं खाणारीच्या पायाशी शाळा! गांधार प्रांतात तर हिच्या हातात ग्रीक भाग्यदेवतेचं फळाफुलांनी भरलेलं शिंग दिलेलं आढळतं. ग्रीक कारागिरी आणि आपली यक्षिणी तिथे अशी एकत्र आली. ग्रीकांनी मुलं गमावलेल्या आईची राक्षसीण केली. इथे राक्षसिणीची पुन्हा आई झाली, कारण कुणीतरी तिचं दुःख आणि तिची भूक दोन्ही खरी मानली.

म्हणून आपण मोठे, असा अर्थ कृपा करून काढू नका. हारिती कोरणाऱ्या याच महाराष्ट्रात, नंदुरबारच्या सातपुड्यात आजही बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं. घरात कुणी दगावलं, पोर आजारी पडलं, की बोट एकट्या बाईकडे. कितीदा तिच्या नावावरची जमीन कुणाच्या तरी डोळ्यांत असते. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी अठरा वर्षं झगडले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाल्यानंतर आला. एखाद्या व्यक्तीवर करणी केल्याचा, तिच्यामुळे रोगराई आल्याचा आळ घेऊन तिचं जगणं मुश्कील करणं, हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

आणि हे डोंगरातल्या पाड्यांवरच चालतं असं समजू नका. आपली भाषा ऐका. ‘आल्या आल्या सासऱ्याला खाल्लं.’ ‘जन्मली आणि बापाला गिळून बसली.’ ‘पांढऱ्या पायाची.’ तरुण नवरा हार्ट अटॅकने गेला तरी खाणारी कोण, तर ती. चांगल्या सोसायटीत, शिकलेल्या घरात, तेराव्याला जमलेल्या बायाबापड्यांत हे बोललं जातं. क्रियापद बघा, ‘खाल्लं’. लामियाचंच आहे. बापयाची बायको मेली तर ‘बायकोला खाल्लं’ असं त्याला कुणी तोंडावर म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

म्हणून एकच सांगणं. रक्त पिणाऱ्या बायांच्या गोष्टी जरूर वाचा, सिनेमे बघा, पोरांनाही सांगा. पण सांगताना आधीचं पानही सांगा. लामियाची मुलं कुणी मारली ते सांगा. हारितीला उत्सवात नाचवून कोण निघून गेलं ते सांगा.

तुमच्या गावात वडाखालची, विहिरीवरची, ओढ्याच्या वळणावरची एखादी हडळ किंवा जखीण असेलच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, की ती जिवंत होती तेव्हा कोण होती, कुणाची सून होती, कशाने गेली. खरं नाव, आडनाव नको, नुसती हकिकत इथे लिहा. मला खात्री आहे, निम्म्या हकिकतींत कुणीतरी तिच्याशी नीट वागलेलं नसणार.